घंटेपर्यंतचा पेशंट

आठवड्यातून चार दिवस एका अमेरिकन म्हाताऱ्याला आजारी पाडणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. अबुधाबीत डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचं एक सराव केंद्र आहे, तिथे मी काम करते. खऱ्या पेशंटवर हात साफ करण्याआधी या मुलांनी तो खोट्या पेशंटवर करावा, म्हणून आम्ही माणसं ठेवतो. लांबलचक कॉरिडॉर, ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट आणि बाहेर घाम पुसणारे विद्यार्थी. मी घंटा दिली की ते आत जातात, पुन्हा दिली की बाहेर येऊन पुढच्या खोलीपाशी उभे राहतात. कोणाच्या छातीत दुखेल, कोणाला दम लागेल, कोण बायको गेल्याची बातमी ऐकून रडेल, हे सगळं मी ठरवते. घरी माझं कोणी ऐकत नाही, त्याची भरपाई तिथे होते.

हे अमेरिकन गृहस्थ मुलाखतीला आले ते ऑगस्टमध्ये, लोकरीचा कोट घालून. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. मी म्हटलं, "या उन्हात कोट?" तर म्हणाले, "काम हवं असलेला माणूस कोट घालतो." वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, आणि आवाज असा की हळू बोलले तरी कॉरिडॉरच्या टोकाला सफाई करणारा मान वर करी. मुलगी इथल्या एका शाळेत शिकवायची, तिच्याकडे रीम आयलंडवर राहायला आले होते. बाविसाव्या मजल्यावरून समुद्र बघून बघून कंटाळले होते. "समुद्र चांगला आहे, पण टाळ्या वाजवत नाही," असं त्यांचं त्याच्याबद्दलचं मत होतं.

अनुभव काय, तर आधी स्टेज, मग टेलिव्हिजन आणि सिनेमा, आणि मधूनमधून पुन्हा स्टेज. मी मनात म्हटलं, आला हॉलीवूडवाला. मला नाटकातलं कळतं असा माझा समज आहे. पुण्यात असताना राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळवलं होतं, आणि त्या जोरावर मी आयुष्यभर लोकांची नाटकं नाक मुरडून बघत आले. म्हणून जरा तोऱ्यातच सांगितलं, "अपेंडिक्स करून दाखवा."

"कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं म्हणजे? अपेंडिक्स दुखतंय, एवढंच."

"ट्रक ड्रायव्हरचं वेगळं दुखतं, बँकेतल्या माणसाचं वेगळं. ड्रायव्हरला रजा मिळत नाही. तो आधी सांगणार की मला काही झालेलं नाही."

पुढच्या सोमवारपासून मी त्यांना कामावर घेतलं.

त्यांच्या तऱ्हा कळायला मात्र वेळ लागला. पहिली म्हणजे केंद्राचं दार ओलांडलं की स्वतःच्या नावाला ओ द्यायचे नाहीत. त्या दिवशी ज्या माणसाचा आजार असेल, त्याचंच नाव घ्यायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना त्यांच्या नावानं हाका मारमारून दमले, ते शांतपणे खिडकीबाहेर बघत बसले होते. शेवटी आमचा केरळी सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, आज ते निवृत्त पोस्टमन आहेत." पोस्टमनचं नाव घेतल्याबरोबर वळले आणि हसून म्हणाले, "बोल ना." माझ्या वाढदिवसाला मी केशर घालून शिरा नेला होता, तर त्या दिवशी त्यांना मधुमेह. डब्याकडे बराच वेळ बघितलं, पण चमचा काही लावला नाही. म्हणाले, "उद्या मला दमा आहे. उद्या आण."

प्रत्येक आजाराचे बूट वेगळे. घरून पिशवीत घेऊन यायचे. माणूस पायापासून आजारी पडतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते थोतांड वाटायचं, पण हृदयविकाराचे ढिले बूट घालून ते खोलीत शिरले की पलीकडे कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघणाऱ्या मला खरंच खुर्ची पुढे करावीशी वाटायची.

आणि घंटा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक विद्यार्थी येणार, तीच बातमी सांगणार, आणि यांच्या डोळ्यांतून त्याच शब्दाला पाणी येणार. पण मी घंटा दिली की खलास. उठायचे, रुमालानं चेहरा पुसायचे, कोटाचं बटण लावायचे आणि पाणी मागायचे. मी एकदा विचारलं, एवढं रडू येतं कुठून? घरचं काही आठवता का? ते जवळजवळ रागावले. "घरचं सामान नाटकात आणू नये," म्हणाले. "स्टेजवर फुटलं तर घरी काय वापरणार?"

मीही रीमलाच राहायची, त्यामुळे सकाळी ते माझ्या गाडीत असत. त्यांची सगळी कारकीर्द मला ट्रॅफिकमध्ये कळली, तीही उलटसुलट. तरुणपणी ते फिरत्या नाटक कंपनीत होते. आज एका गावात प्रयोग, रात्रीत नेपथ्य ट्रकमध्ये भरायचं, उद्या दुसऱ्या गावात. पुढे टेलिव्हिजनवर दुपारच्या एका मालिकेत त्यांना डॉक्टरचं काम मिळालं आणि ते बरीच वर्षं टिकलं. दुकानात बायका त्यांना गाठून गुडघेदुखीवर उपाय विचारायच्या, आणि तेही न लाजता सांगायचे, "वजन कमी करा." मालिकेतले अर्धेअधिक लोक त्यांच्याच हातून मेले. "वेटिंग रूममध्ये जायचं, नातेवाइकांकडे बघायचं, सॉरी म्हणायचं. तेवढ्यात जाहिराती लागायच्या," ते म्हणाले. "जाहिराती संपल्या की गोष्ट दुसऱ्याच घरात. सॉरी म्हटल्यावर पुढे काय करतात, ते मला कधी लिहूनच दिलं नाही."

सिनेमाबद्दल मात्र ते हसूनच बोलत. बरेच केले, पण त्यात ते दिसतात थोडे. एकदा लहान मुलीला घेऊन स्वतःचा सिनेमा बघायला गेले. मुलगी सारखी विचारतेय, डॅडी कधी येणार? हे म्हणताहेत, आता येईल, आता येईल. शेवटी नायकाच्या मागे एक खांदा दिसला. "तो बघ," यांनी दाखवलं. मुलीनं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की डॅडीचा खांदा फार छान काम करतो. ही मुलगी आईविना वाढली, मावशीकडे, एवढं त्यांनी सांगितलं होतं. बायको कशी गेली ते सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

एकदा त्यांना इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाला घेऊन गेले. एका शाळेच्या सभागृहात प्रयोग होता. आपल्याकडे प्रमुख पाहुणा सापडला की त्याला मध्यंतरात शाल-श्रीफळ दिल्याशिवाय सोडत नाहीत. पहिल्या अंकावर पडदा पडला आणि अध्यक्षांनी माइकवर घोषणा केली की हॉलीवूडचे ज्येष्ठ अभिनेते आपल्यात आहेत, त्यांनी मंचावर यावं. ते माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक.

"कोण म्हणून जायचं?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्ही म्हणून."

"मी स्टेजवर मी म्हणून कधी गेलेलो नाही."

अध्यक्ष पायऱ्यांवर येऊन उभे. "सर, प्लीज कम, यल्ला, चला, शो डिले होतोय." हे उठले, खांदे जरा मागे घेतले, मान खाली, आणि जिना चढेपर्यंत एक निवृत्त न्यायाधीश होऊन गेले. तरुण कलाकारांना त्यांनी जे चार शब्द सांगितले ते इतके भारदस्त होते की सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर, नारळ हातात, ते परत येऊन बसले तेव्हा घामानं चिंब झाले होते. अध्यक्ष आजही मला विचारतात, "काय म्हणताहेत आपले जज्जसाहेब?" मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

मला वाटायचं, हे सगळं कलावंताचं विक्षिप्तपण. त्यामागे काही असेल, हे मला एका विद्यार्थिनीमुळे कळलं.

ही मुलगी शेवटच्या वर्षाला. मूळ रत्नागिरीकडचं कोकणी मुसलमान कुटुंब, वडिलांचं मुसाफ्फाच्या औद्योगिक वस्तीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. अभ्यासात हुशार, निदान अचूक, हात हलका. फक्त एका खोलीत तिची गाडी अडायची. त्या खोलीत पेशंटला, म्हणजे आमच्या म्हाताऱ्याला, त्याची बायको वारल्याचं स्पष्ट शब्दांत सांगायचं असतं. ही मुलगी आत जायची, त्यांना पाणी द्यायची, काही खाल्लं का विचारायची, आणि मग सांगायची, "अंकल, डॉक्टर्स आर ट्राइंग." मेलेल्या माणसावर उपचार चालू आहेत असं सांगणाऱ्या डॉक्टरला कोण पास करणार? दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली असती तर वर्ष गेलं असतं, आणि हॉस्पिटलनं देऊ केलेली जागाही गेली असती.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. परदेशात मराठी बोलणारं पोर रडताना दिसलं की माझ्यातली मावशी जागी होते. मी तिला घरी जेवायलाच घेऊन गेले.

"मॅडम, आय नो की ती डेड आहे. पण त्यांच्याकडे बघितलं की तोंडातून निघतच नाही," ती म्हणाली. "माझे दादा, अब्बांचे वडील, गावी वारले ना, तेव्हा अब्बांना फोनवर सांगितलं, तब्येत जरा जास्त आहे, निघून या. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अम्मीनं मला बजावलं, तू तोंड उघडायचं नाहीस. पूर्ण फ्लाइट मी अब्बांच्या बाजूला बसून होते. आता एकदम कसं सांगू?"

यात नवल काही नव्हतं. आखाती देशांतल्या प्रत्येक घरात असा एक तरी फोन येऊन गेलेला आहे. आपल्याकडे लांबच्या माणसाला थेट कोणी सांगत नाही. तो घरी पोचतो, दारात चपला दिसतात, मग त्याला कळतं. प्रवासात त्याचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून असं करायचं, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो.

स्वयंपाकघरात मी पेशंट झाले आणि तिला म्हटलं, सांग. तिनं कसंबसं सांगितलं. मी प्रमाणपत्राला जागून असा हंबरडा फोडला की ती हसतच सुटली. सराव तिथेच संपला. माझा मुलगा आतून ओरडला, "मॉम, आर यू ओके?"

दुसऱ्या दिवशी गाडीत मी म्हाताऱ्याकडे रदबदली केली. तिला शिकवा असं म्हणायची सोय नव्हती, परीक्षेतल्या पेशंटनं विद्यार्थ्याला शिकवायचं नाही हा नियम आहे, पण निकालात पेशंटच्या मतालाही गुण असतात. मी एवढंच म्हटलं, "जरा सांभाळून घ्या. आमच्याकडे अशी बातमी लपवतात. त्यात प्रेमच असतं."

सिग्नल लाल होता. ते समोर बघत म्हणाले, "माझ्यावरही असं प्रेम केलं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसं ऐकलं तसं लिहिते. ते फिरत्या कंपनीत असतानाची गोष्ट. बायको घरी आजारी होती, पण एवढी असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. विनोदी नाटक, लांबच्या गावात प्रयोग. मध्यंतरात थिएटरवर फोन आला की ती गेली. मॅनेजरनं ठरवलं, प्रयोग संपल्यावर सांगू. "दुसऱ्या अंकात मला नेहमीपेक्षा जास्त हशे मिळाले," ते म्हणाले. "मी खूश होतो. मला वाटलं, आज आपलं काम जमलंय. विंगेत सगळ्यांना माहीत होतं, कपडे सांभाळणाऱ्या बाईलासुद्धा. सगळे मला हळूच झेलत होते. त्या अंकात मी एकटाच असा होतो, ज्याला नाटक ठाऊक नव्हतं."

"आणि मग?"

"पडदा पडल्यावर सांगितलं. खांद्यावर हात ठेवला. ट्रक भरायचा होता, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात प्रयोग होता. मला मोटेलवर सोडलं, सकाळच्या बसचं तिकीट हातात दिलं, आणि गेले. चांगली माणसं होती." सिग्नल सुटला. "तू मला खोटं बोलणाऱ्या डॉक्टरला पास करायला सांगू नकोस. ते माझ्याकडून व्हायचं नाही."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि त्या मुलीचंही चुकलं असं मनाला पटेना. दिवसभर माझी चिडचिड झाली ती कोणावर, हेही कळत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी नेहमीसारखी नियंत्रणाच्या खोलीत, समोर पडदे, हाताशी घंटेचं बटण. मुलीची पाळी आली. ती आत गेली. समोरची खुर्ची तिनं उचलली आणि त्यांच्या शेजारी आणून ठेवली. बसली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले मला पडद्यावरही दिसत होते.

"अंकल, वाईट बातमी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "तुमची पत्नी आज दुपारी वारली."

म्हणाली एकदाची. मी सुटकेचा श्वास टाकला. त्यांच्या डोळ्यांत ठरल्या शब्दाला पाणी आलं. इतर विद्यार्थी इथून पुढे बडबड करतात, आम्ही खूप प्रयत्न केले, समुपदेशकाचा नंबर देतो, वगैरे. ती मात्र पाण्याचा ग्लास भरून हातात धरून बसली, त्यांना हवं तेव्हा घेता यावं म्हणून.

मी घंटा दिली.

ते उठायला लागले. गुडघ्यांवर हात टेकून अर्धे उठलेही. तिनं त्यांच्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, "बसा, अंकल." हे मराठीत. तिलाही कळलं नसावं. ते मात्र बसले.

खोलीच्या कोपऱ्यातल्या परीक्षक बाई, अनुभवी डॉक्टर, हळूच म्हणाल्या, "वेळ संपली. तू आता जायला हवंस."

"येस, डॉक्टर. यांचं कोणी आलं की जाते," मुलगी म्हणाली. "आमच्यात बातमी सांगून माणसाला एकटं टाकून उठत नाहीत. कोण येणार आहे यांच्याकडे?"

बाईंनी हातातला कागद उलटून बघितला. कागदावरच्या पेशंटला नातेवाईक आम्ही दिलेच नव्हते. बाहेर पुढचा विद्यार्थी दारात उभा. घंटा होऊन गेलेली, आणि तरीही आमचा म्हातारा रडत होता. हे रडणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला आवाज नव्हता, त्यात चेहरा प्रेक्षकांकडे ठेवायची काळजी नव्हती. ओठ वेडेवाकडे होत होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. एवढ्या वर्षांच्या स्टेजवर, टेलिव्हिजनवर, सिनेमात त्यांनी ज्याला हात लावू दिला नव्हता, ते बाहेर आलं होतं, आणि एक पंचविशीतली मुलगी ग्लास धरून शेजारी बसली होती.

मला तिथे बसवेना. मी उठले, कॉरिडॉर ओलांडला आणि खोलीत गेले.

"मी आले आहे," मी मुलीला म्हटलं. "मी बसते. तू जा आता."

तिनं माझ्याकडे बघितलं, ग्लास माझ्या हातात दिला आणि उठली. तिच्या पाठोपाठ परीक्षक बाई उठल्या. प्रत्येक विद्यार्थ्यानंतर पेशंटला जे विचारायचं असतं, ते त्यांनी दाराशी थांबून विचारलं. "या डॉक्टरकडे तुम्ही परत याल?"

"त्या रात्री मोटेलवर ही हवी होती," ते म्हणाले. मग बाईंना काही कळलं नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "हो. येईन. पास करा तिला."

बाईंनी केलं.

मी मुलीच्या खुर्चीत बसले. ती अजून ऊबदार होती. ग्लास तिच्यासारखाच हातात धरला. बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळे विद्यार्थी आपापल्या दाराशी घंटेची वाट बघत उभे होते, आणि घंटा देणारी आत बसलेली होती.